तळफळीवरील रेडिओ आणि व्हॉल्व्हची घरगुती बैठक

जुन्या रेडिओंच्या बाबतीत एक विपरीत गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, ती ही, की काचेच्या फुग्यात बंदिस्त असलेला नाजूक व्हॉल्व्ह पन्नास-साठ वर्षे कपाटाच्या कप्प्यात सुखरूप राहतो आणि त्याला धरून ठेवणारा होल्डर मात्र कधीच भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेला असतो. कारण उघड आहे. संच मोडीत निघतो तेव्हा पत्र्याचा सांगाडा, ट्रान्सफॉर्मर आणि तांब्याची तार यांना वजनावर भाव मिळतो. होल्डर त्या सांगाड्यालाच रिव्हेटने जखडलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर जातो. आणि व्हॉल्व्हला कोणीच काही देत नाही, सबब तो उपटून बाजूला ठेवला जातो. बदलापूरच्या पश्चिमेकडील आमच्या सोनिवलीत काय, किंवा अंबरनाथ-उल्हासनगरच्या जुन्या वस्तीत काय, एखाद्या घरी आजोबांच्या वेळचा ऐवज निघालाच, तर तो बहुधा अशा सुट्या व्हॉल्व्हांचाच असतो. एके काळी ठाण्यास मर्फी कंपनीचा रेडिओचा कारखाना होता आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोडवरील सुट्या भागांचा बाजार तर लोकलच्या एका प्रवासाइतका जवळ, तेव्हा या पट्ट्यात व्हॉल्व्हांची अगदीच टंचाई आहे असे नाही. ज्यांच्या हाती असे एक-दोन व्हॉल्व्ह आले आहेत आणि लाकडी तळफळीवर जुन्या धर्तीचा छोटा ग्राहक-संच उभारण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

तळफळीची ही पद्धत नभोवाणीइतकीच जुनी. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले आणि दरसाल दहा रुपये भरून परवाना घेतलेले श्रोते ते ऐकू लागले, त्या काळातील हौशी मंडळी एका सपाट फळीवर सगळे भाग स्क्रूने बसवीत, तारा फळीच्या वरूनच नेत, आणि फळीच्या पुढच्या कडेला उभ्या केलेल्या पट्टीवर फिरवायची बटणे ठेवीत. परवान्याचे ते दप्तर १९८०च्या दशकात बंद झाले. आज ऐकण्यास परवाना लागत नाही, प्रक्षेपणास मात्र लागतो, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे पत्र्याचा सांगाडा आला, तेव्हा होल्डरची जातही बदलली: तो पत्र्याच्या भोकात वरून बसू लागला आणि त्याच्या जोडण्या खालच्या बाजूस गेल्या. त्यामुळे आज बाजारात विकत मिळणारा रेडिओचा होल्डर तळफळीवर जसाच्या तसा बसत नाही. त्याला पायावर उचलून धरावे लागते आणि तरीही जोडण्या त्याच्या पोटाखाली लपून राहतात. तळफळीला हवा असतो तो होल्डर, ज्याचे संपर्क मध्यभागी आणि ज्याची टर्मिनले सभोवार, वरून दिसतील अशी मांडलेली असतात.

येथे प्रामाणिकपणे एक सांगून टाकतो. ज्याला घाई आहे आणि ज्याचा व्हॉल्व्ह आठ पायांचा, म्हणजे ऑक्टल जातीचा आहे, त्याने औद्योगिक नियंत्रण-सामग्रीच्या दुकानातून आठ पायांच्या रिलेचा होल्डर आणावा. रिलेने ऑक्टलची बैठक जशीच्या तशी उचललेली आहे, क्रमांकही तेच आहेत, आणि त्याची स्क्रूची टर्मिनले वरच्या अंगालाच असतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास हा जिन्नस दुर्मिळ नाही. परंतु त्या होल्डराने काम भागते, हौस भागत नाही. शिवाय सात पायांच्या छोट्या काचेच्या व्हॉल्व्हांना तो निरुपयोगी आहे. ज्यांना स्वतः घडवायचे आहे त्यांनी पुढे वाचावे.

होल्डर म्हणजे वस्तुतः तीनच गोष्टी: पायाला लवचीकपणे धरणारा धातूचा संपर्क, त्या संपर्कांना एकमेकांपासून विद्युत्‌दृष्ट्या अलग ठेवणारे साहित्य, आणि त्यांची वर्तुळावरील अचूक मांडणी. यांपैकी मांडणीबद्दल नवशिक्याला उगाचच धास्ती वाटते. माप घेण्याचे सर्वांत विश्वासू साधन खुद्द व्हॉल्व्हच आहे. सात पायांच्या व्हॉल्व्हचे पाय शिक्क्याच्या शाईच्या गादीवर हलकेच टेकवून जाड कागदावर उमटवावेत, की नमुना तयार झाला. ऑक्टलचा मधला खुंट पायांपेक्षा लांब असल्यामुळे कागदाला आधी ८ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून, तो भोक असलेल्या पुठ्ठ्यावर ठेवून मगच ठसा घ्यावा. ठशाची पडताळणी मापाने करायची असेल, तर ऑक्टलच्या पायांच्या वर्तुळाचा व्यास १७.४५ मिलिमीटर असतो, आठही पाय ४५ अंशांच्या समान अंतराने असतात आणि शेजारच्या दोन पायांच्या मध्यांतील सरळ अंतर सुमारे ६.७ मिलिमीटर भरते. खुंटावरील कंगोरा पहिल्या आणि आठव्या पायाच्या बरोबर मध्ये येतो. सात पायांच्या व्हॉल्व्हचे वर्तुळ ९.५ मिलिमीटरचे, तेथेही ४५ अंशांची आठ स्थाने असतात, पण एक स्थान रिकामे सोडलेले असते आणि तीच त्याची खूण.

आता त्या मुद्द्याकडे येतो, जेथे निम्म्याहून अधिक नवशिके फसतात. व्हॉल्व्हांच्या तपशीलपुस्तकातील सर्व आकृत्या व्हॉल्व्ह उलटा धरून, त्याचे पाय आपल्याकडे करून पाहिल्याप्रमाणे काढलेल्या असतात आणि पायांचे क्रमांक कंगोऱ्यापासून किंवा रिकाम्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले असतात. पत्र्याच्या सांगाड्यावर काम करणारा कारागीर सांगाडा उलटा करूनच तारा जोडतो, म्हणून त्याला ही रीत सोयीची पडते. तळफळीवाल्याचे तसे नाही. तो वरून पाहतो, आणि वरून पाहणाऱ्याला तेच क्रमांक काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजावे लागतात. शाईच्या ठशाचा खरा लाभ येथे कळतो: व्हॉल्व्ह कागदावर उभा दाबून घेतलेला ठसा हा वरून दिसणाऱ्या मांडणीचाच असतो, त्यामुळे मनातल्या मनात आकृती उलटवण्याची यातायात उरत नाही. ठशावर विरुद्ध दिशेने क्रमांक लिहावेत, तो कागद होल्डरच्या साहित्यावर तसाच चिकटवावा आणि प्रत्येक बिंदूवर टोकदार पंचाने खूण ठोकून मगच ड्रिल लावावे. क्रमांक पुढे टर्मिनलांशेजारी कोरून ठेवावेत; स्मरणशक्तीवर भिस्त ठेवू नये.

साहित्यांत माझी पसंती हायलमच्या पत्र्याला आहे. जुन्या स्विचबोर्डांवर ज्याचे तपकिरी-काळे झाकण असे, तोच हा. उल्हासनगरच्या भंगार बाजारात किंवा यंत्रशाळेच्या कतरणीत त्याचे तुकडे किरकोळ भावात मिळतात. प्लॅस्टिकला हायलम म्हणून गळ्यात मारले जाऊ नये यासाठी एका कोपऱ्याला तापलेली डाखणी टेकवून पाहावी: हायलम मऊ पडत नाही, त्याला कार्बोलिकसारखा उग्र वास मात्र येतो. पारदर्शक ॲक्रिलिक दिसायला देखणे, पण ड्रिलच्या घर्षणाने ते वितळून भोकाला चिकटते आणि हीटरच्या व्हॉल्व्हच्या उष्णतेने कालांतराने वाकते. बॅटरीवरील थंड व्हॉल्व्हांना ते चालेल. जुन्या लेखकांनी नावाजलेले एबोनाइट हाती आले तर वापरावे, परंतु वर्षानुवर्षे उजेडात पडून त्याचा पृष्ठभाग हिरवट-तपकिरी झाला असेल तर त्यातील गंधकामुळे पृष्ठावरून विद्युत्‌गळती होते; तो थर बारीक कागदाने घासून काढावा. नुसते लाकूड संपर्कांना कदापि लावू नये. त्याचे कारण पुढे येईल.

ऑक्टलसाठी मी ज्या रचनेची शिफारस करतो ती तीन थरांची आहे. सर्वांत वर ३ मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर बाजूचा चौरस. त्यात पाय जेमतेम सुटतील अशी २.६ मिलिमीटरची भोके, कारण ऑक्टलचा पाय २.४ मिलिमीटरच्या किंचित आतच असतो. मध्ये १० मिलिमीटर जाडीचा थर, आणि एवढा जाड तुकडा न मिळाल्यास ५ मिलिमीटरचे दोन. त्यात त्याच जागी ३.५ मिलिमीटरची भोके. खाली दीड मिलिमीटरचे पातळ झाकण. खुंटासाठी ८ मिलिमीटरचे भोक तिन्ही थरांतून आरपार जाते, मात्र कंगोऱ्याची खाच फक्त वरच्या थरात, उंदीरशेपटी कानशीने, व्हॉल्व्ह पुनःपुन्हा लावून पाहत हलक्या हाताने घासावी. ती सैल झाली तर व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसण्याची भीती, आणि मग तिचा उपयोगच संपला. सगळे थर चिकटवण्यापूर्वी एकत्र आवळून एकदमच लहान ड्रिलने भोके पाडावीत व नंतर मधला थर सुटा करून त्याची भोके मोठी करावीत, म्हणजे ती एका रेषेत येण्याविषयी शंका राहत नाही.

संपर्क घडवायचे ते तारेच्या वेटोळ्यांचे. तांब्याची तार नरम असते. दोन-चार वेळा व्हॉल्व्ह काढला-घातला की तिची पकड जाते. लवचीकपणाही हवा आणि डाखही धरला पाहिजे, अशी तार शोधायची तर आपल्या संगीतप्रिय महाराष्ट्रात ती फार दूर नाही: तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार या कामास उत्तम, आणि मिरजेच्या तंतुवाद्यांच्या तारा विकणारा दुकानदार कोणत्याही मोठ्या गावात सापडतो. सतारीची पोलादी तार घेऊ नये, तिला डाख सहजी धरत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची पितळी तार २ मिलिमीटरच्या ड्रिलच्या गुळगुळीत दांड्यावर ताणून, वेढ्याला वेढा लावून पंधरा-सोळा वेळा गुंडाळावी. सोडल्याबरोबर वेटोळे थोडे उलगडून त्याचा आतला व्यास सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे पायापेक्षा केसभर लहान. पाय शिरताना वेटोळे उमलते आणि सर्व बाजूंनी त्याला कवटाळते. एका बाजूस तीन सेंटिमीटरचे शेपूट राखावे. वेटोळे मधल्या थराच्या भोकात खालून घालायचे, वरचा थर त्याला वर निसटू देत नाही, झाकण खाली पडू देत नाही, आणि शेपूट मधल्या थराच्या खालच्या अंगाला कानशीने पाडलेल्या खाचेतून बाहेर येऊन कडेच्या पितळी स्क्रूखाली दबते. हा ३ मिलिमीटरचा स्क्रू खालून घालून वर नट आणि डाखण्याचा पत्रा घ्यावा. भोकात वेटोळ्याला किंचित मोकळीक हवी. ते घट्ट ठोकून बसवले तर त्याला उमलायला जागाच राहणार नाही आणि व्हॉल्व्ह काढताना त्याचा तळ उखडून नुसती काच हाती राहील.

आठही संपर्क करण्याचा आग्रह धरू नये. ६जे५ हा साधा ट्रायोड घेतला, तर हीटरला २ आणि ७, प्लेटला ३, ग्रीडला ५ आणि कॅथोडला ८, एवढेच पाय कामाचे. पाच वेटोळ्यांत भागते आणि व्हॉल्व्ह घालताना जोरही कमी लागतो. ६व्ही६ला याच्या जोडीला पडदा-ग्रीडचा ४ क्रमांक लागतो. ६एसएन७मध्ये दोन ट्रायोड असल्यामुळे तेथे मात्र आठांतून सुटका नाही.

सात पायांच्या व्हॉल्व्हांची कथा निराळी आणि अधिक सावधपणाची आहे. १टी४, १एस५, ३एस४ यांसारखे बॅटरीवर चालणारे हे व्हॉल्व्ह तळफळीवरील संचास अत्यंत योग्य, कारण त्यांच्या फिलामेंटला १.४ व्होल्ट आणि १टी४च्या बाबतीत अवघे ५० मिलिअँपिअर लागतात. परंतु त्यांचे पाय १ मिलिमीटर जाडीचे असून ते थेट काचेतून निघालेले असतात. त्यांवर आडवा ताण पडला की काचेला सूक्ष्म तडा जातो, हवा आत शिरते आणि आतला चंदेरी डाग पांढरा पडून व्हॉल्व्ह कायमचा निकामी होतो. येथे वेटोळी उपयोगी नाहीत. त्याऐवजी जुन्या संगणकाला छपाईयंत्र जोडण्याच्या २५ छिद्रांच्या जोडणीतील मादी संपर्क काढून घ्यावेत. ते नेमके १ मिलिमीटरच्या पायांसाठीच घडवलेले असतात, आणि अशा जोडण्यांचे ढीगच्या ढीग भंगारात पडलेले आढळतात. बाहेरचे प्लॅस्टिक चिमट्याने फोडून संपर्क अलगद बाहेर काढावेत. हायलममधील भोक संपर्काच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित मोठे ठेवून संपर्क त्यात डुलता राहील असा बसवावा, त्याला जाड एकेरी तार न जोडता बारीक धाग्यांची नरम तार डाखावी, आणि डाखताना जळलेला एखादा व्हॉल्व्ह आत खोचून ठेवावा, म्हणजे थंड होताना संपर्क वाकडे गोठत नाहीत. जळका व्हॉल्व्ह टाकून देऊ नये, तो असा कामी येतो.

१९३५ साली ऑक्टल येण्यापूर्वीचे चार पायांचे व्हॉल्व्ह ज्यांच्याकडे असतील त्यांचे काम सर्वांत सोपे. इंग्लिश जातीचे पाय साधारण ३.२ मिलिमीटरचे, अमेरिकन जातीत दोन पाय तेवढेच व फिलामेंटचे दोन जाड, ४ मिलिमीटरचे. विजेच्या कनेक्टर पट्टीतील पितळी नळ्या स्क्रूसकट काढून हायलममध्ये बसवल्या की होल्डर झाला. पट्टी ५ अँपिअरची घ्यावी की १५ची, हे पाय घालून पाहूनच ठरवावे.

आता लाकडाविषयी. आमच्या या उल्हास खोऱ्यात पावसाळा म्हणजे केवळ हवापालट नव्हे. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, ते याच खोऱ्यात. अशा हवेत कोरडे दिसणारे सागवानही ओलावा शोषून विजेला वाट देते. त्याचा परिणाम आकड्यांत पाहावा: ग्रीडपासून फिलामेंटपर्यंत २ मेगओहमचा रोध आहे, प्लेटवर ४५ व्होल्ट आहेत, आणि ओलसर लाकडातून प्लेट व ग्रीड यांमध्ये २० मेगओहमची गळती झाली, तर ग्रीडवर नको असलेले सुमारे ४ धन व्होल्ट येऊन बसतात, मग संच एक तर गुरगुरतो किंवा मुका होतो आणि बिचारा नवशिका सर्किटात चूक शोधीत बसतो. यासाठी संपर्क हायलममध्येच असावेत, आणि होल्डर फळीवर सपाट न चिकटवता १० मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या बुशांवर उचलून बसवावा.

शिवाय तळफळीलाच मेण पाजावे. फळी वैशाखाच्या उन्हात चांगली वाळवून, गरम असतानाच तिच्यावर वितळलेले पॅराफिन मेण ब्रशने दोन-तीन वेळा फिरवावे. मेण पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे, सरळ ज्योतीवर नव्हे, कारण त्याची वाफ पेट घेते. अंबरनाथच्या विम्को कारखान्यात आगपेटीच्या काड्यांना पॅराफिन पाजले जाई ते काडी नीट पेटावी म्हणून. आपण तेच पाणी बाहेर ठेवण्यासाठी वापरतो, एवढाच फरक.

होल्डर तयार झाल्यावर त्याची परीक्षा व्हॉल्व्हशिवाय घ्यावी. मल्टिमीटरच्या २० मेगओहमच्या पट्ट्यावर शेजारच्या संपर्कांमध्ये काहीही दाखवले जाऊ नये, ही पहिली पायरी. पण ती पुरेशी नाही. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४५ व्होल्ट करावेत, धन टोक एका संपर्काला लावावे, मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक तार शेजारच्या संपर्काला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला धरावी. बहुतेक डिजिटल मीटरांचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो, त्यावरून हिशेब असा, की मीटरने अर्ध्या व्होल्टहून कमी दाखवले तर अलगपणा सुमारे ९०० मेगओहमच्या वर आहे आणि होल्डर उत्तम. ४ व्होल्ट दाखवले तर तो १०० मेगओहमवर उतरला आहे आणि घाण, डाखाचा चिकट अंश किंवा ओलावा कोठे तरी आहे. स्पिरिटने पुसून, वाळवून पुन्हा पाहावे.

यानंतर व्हॉल्व्ह. त्याचे पाय पेन्सिलच्या खोडरबराने चकचकीत करावेत, चाकूने खरवडू नयेत. फिलामेंट अखंड असल्याची खात्री होल्डरच्या टर्मिनलांवरूनच करावी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि संपर्क यांची एकदमच तपासणी होते. व्हॉल्व्ह हलवून पाहताना आकडा नाचू लागला तर संबंधित वेटोळे सैल आहे. प्रथम फक्त फिलामेंटची बॅटरी लावावी. प्लेटच्या बॅटरीच्या धन तारेत १ किलोओहमचा रोध कायमचा घालून ठेवावा: ती तार चुकून फिलामेंटला लागली, तरी ४५ व्होल्टांतून ४५ मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ शकत नाही आणि ५० मिलिअँपिअरचा तंतू वाचतो. ९० व्होल्ट वापरणाऱ्याने हा रोध २.२ किलोओहमचा घ्यावा, आणि उघड्या टर्मिनलांना ओला हात लावू नये. घरातील विजेवर थेट चालणारी, ट्रान्सफॉर्मर नसलेली रचना तळफळीवर कोणीही करू नये. जेथे प्रत्येक स्क्रू बोटाच्या वाटेत उघडा असतो तेथे ती जीवघेणी आहे.

होल्डरची ही ४५ व्होल्टांची परीक्षा दर पावसाळ्यात, पहिले पंधरा दिवस उलटल्यावर, व्हॉल्व्ह काढून आणि बाकीच्या तारा सोडवून पुन्हा घ्यावी. मीटरचा आकडा १ व्होल्टच्या पुढे सरकलेला आढळला तर बुशांखालची फळी उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवून तेवढ्याच भागावर मेणाचा नवा हात द्यावा; तोवर व्हॉल्व्ह घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवले तर त्यांच्या पायांवर हिरवा गंज चढत नाही.